खालची दोन चित्रं

डॉक्टरबाईंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्यापुढं सरकवला तेव्हा मला वाटलं, चहाबरोबर खायला देतायत. मी झाकण काढलं आणि न बघताच आत हात घातला. हाताला लागली ती छत्रीची तार. तिच्याखाली एक वाळलेली मुळी होती, करंगळीएवढी, एका टोकाला दोरा गुंडाळलेली. आणखी खाली तासून गुळगुळीत केलेली एक काडी.

"हे सगळं मी बायकांच्या पोटातून काढलेलं आहे, पेंटर," बाई म्हणाल्या. "धुऊन ठेवलंय. घाबरू नका."

मी हात बाहेर घेतला, पण तो कुठं पुसावा ते कळेना. शर्टाला पुसावा तर शर्ट अंगावरच राहणार. शेवटी तो हात गुडघ्यावर उताणा ठेवून मी तसाच बसलो. समोरच्या चहावर साय धरली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, लग्न झालेलं नव्हतं, आणि बाईच्या पोटात मूल असतं यापलीकडं त्या विषयातलं मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

ही अमरावतीतली गोष्ट, साठ साल उलटून गेल्यानंतरची. मी मूळचा समुद्राकडचा, वेंगुर्ल्याच्या बाजूचा. पाचवीत शाळा सुटली ती सुटलीच. गावातला एक जण अकोल्याला गिरणीत होता, त्याच्या मागोमाग वऱ्हाडात आलो. गिरणीत काही जमलं नाही, म्हणून टॉकीजजवळच्या एका पेंटरच्या दुकानात रंग घोटायला लागलो. हा पेंटर मुसलमान, वयानं माझ्या वडिलांएवढा. सगळं अकोला त्याला उस्ताद म्हणायचं, मीही तेच म्हणायला लागलो. त्यानं मला अक्षर शिकवलं, चेहरा शिकवला, आणि इतक्या वर्षांत एकदाही घरी परत जा म्हणाला नाही. मला मात्र रोज सकाळी तीच भीती. ब्रश जरा घसरला की वाटायचं, संपलं, आता गाठोडं बांधा. उस्तादाला ते कळायचं. तो म्हणायचा, "अबे कोकन्या, तुले हाकललं तं मी शिव्या कोनाले देऊ?"

बाईंची आणि माझी ओळख उन्हानं करून दिली. त्यांच्या बाळंतगृहाची पाटी रंगवायला उस्तादानं मला अमरावतीला पाठवलं होतं. दिवस वैशाखाचे. डोक्याला पंचा बांध, खिशात कांदा ठेव, असं त्यानं बजावलेलं. कांदा मी सकाळीच भाकरीबरोबर खाऊन टाकला होता. दुपारी 'प्रसूतिगृह'मधल्या शेवटच्या अक्षरापर्यंत पोचलो आणि शिडीसकट खाली आलो. शुद्धीवर आलो तेव्हा ओल्या चादरीत गुंडाळलेला होतो आणि एक नर्स चमच्यानं कैरीचं पन्हं पाजत होती. बाळंतिणींच्या दवाखान्यात पुरुष माणूस ठेवायची सोय नसते. मला व्हरांड्यात पडदा लावून तीन दिवस ठेवलं. बाळंतिणींसाठी केलेले डिंकाचे लाडू मला मिळाले. आईला सोडून आल्यापासून माझं इतकं कुणी केलं नव्हतं. म्हणून पुढं दोन वर्षांनी बाईंनी बोलावणं पाठवलं तेव्हा काम काय आहे हे न विचारताच मी गेलो, आणि त्या डब्यात हात घालून बसलो.

काम बाईंनी सरळ शब्दांत सांगितलं. त्यांचा आवाज कधी चढत नसे. त्यांच्याकडं बायका येत, पाचव्या, सातव्या खेपेच्या. आता झेपत नाही म्हणत. काही विधवा, काही लग्नाआधीच्या. गर्भ काढायला कायद्याची बंदी. बाईचा जीवच जात असेल तर गोष्ट वेगळी, एरवी काढून देणारा डॉक्टर तुरुंगात जाणार आणि काढून घेणारी बाईसुद्धा. म्हणून बाई त्यांना नाही म्हणत. मग त्या बायका वैदूकडं, सुईणीकडं जात आणि आठ दिवसांनी तापानं फणफणलेल्या परत येत. "परत येतात त्यांचं हे सामान," डब्याकडं बघत त्या म्हणाल्या. "येत नाहीत त्यांचं मला माहीत नाही."

दिल्लीला सरकारनं हा कायदा बदलावा की नाही याचा विचार करायला माणसं बसवली आहेत, असं बाईंनी पेपरात वाचलं होतं. त्यांच्या महिला मंडळातल्या पाच-सहा जणींनी ठरवलं की बाजारात, ग्रामपंचायतीत, बागांवर लावायला चित्रांचे तक्ते करायचे. बायकांनी हे जीवघेणे उपाय करू नयेत, हे एक. आणि लोकांनी या गोष्टीबद्दल तोंड उघडावं, म्हणजे सरकारला काही कळवता येईल, हे दुसरं.

मी विचारलं, असली चित्रं काढली म्हणून पोलीस धरतील का. बाई हसल्या. धरलं तर त्यांना धरतील, मी काय, पाटी रंगवणारा. माझं काही समाधान झालं नाही. पण त्या बाईला नाही म्हणायला माझ्याकडं तोंड नव्हतं. नमुन्यासाठी ती मुळी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातली आणि अकोल्याची गाडी धरली. गाडीत ती पिशवी मी मांडीवर घेतली नाही, पायाशी ठेवली.

उस्तादाला वाटलं, मी ताकदीचं औषध आणलंय. त्यानं दोन टोमणे मारले. मग मी ती कुठली, काय, ते सांगितलं. त्यानं हातातला ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात सोडला आणि कितीतरी वेळ तो डब्यात फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "काढ. पन तुह्या मायले पत्रात लिहू नोको." मी लिहिलं नाही. दवाखान्याचे बोर्ड करतोय, एवढंच लिहिलं, आणि ते खोटंही नव्हतं.

चाळीस तक्ते करायचे होते. कागद पावसापाण्यात टिकणार नाही, म्हणून जाड मांजरपाट घेतलं, खळ लावून ताणून वाळवलं. चाळीस वेळा एकच चित्र हातानं काढायचं तर छाप लागतो. बाईंनी ओळखीच्या डॉक्टरांकडून जुन्या एक्स-रेच्या फिल्मा आणून दिल्या होत्या. ती फिल्म कापायला छान, रंगानं वाकत नाही. कुणाच्या तरी बरगड्यांवर मी मुळीचा आकार आखला आणि पात्यानं कापून काढला.

तक्त्यावर चार चित्रं होती. वर दोन, खाली दोन. वर डावीकडं दमलेली बाई, कडेवर एक, पदराला दोन. उजवीकडं ती मुळी, मोठी करून. खाली डावीकडं तीच बाई तिरडीवर. उजवीकडं चुलीपुढं बसलेली तिची पोरं. आणि सगळ्यात खाली लाल अक्षरांत, 'हे करू नका.'

छापानं नुसता आकार उमटतो, बाकी सगळं हातानं. मुळीवर मी फार जीव लावला. पेंटरची हौस, दुसरं काय. तिच्या सालीच्या सुरकुत्या, दोऱ्याचे वेढे, टोकाला पिवळसर झाक. चाळीसच्या चाळीस वेळा. उस्ताद मागं उभा राहून म्हणाला, "काय उतरली ना बे. विकत घ्यावशी वाटते." मला दिवसभर भूक लागली नाही इतकं बरं वाटलं.

तक्ते बाईंच्या मंडळानं वाटले. मोर्शी, शेंदूरजनाघाट, इकडं बार्शीटाकळीपर्यंत. मी पुन्हा टॉकीजच्या कामाला लागलो. दोन-अडीच महिने गेले असतील, बाईंचं कार्ड आलं. त्यावर दोनच शब्द होते. 'लगेच या.' मला वाटलं, रंग उडाला. वाटभर खळीचं प्रमाण आठवत गेलो.

बाईंनी मला नेऊन आतल्या खोलीच्या खिडकीशी, व्हरांड्यात उभं केलं. खिडकीचं एक दार लोटलेलं होतं. आत खाटेवर एक बाई पडली होती. मला तिचा फक्त हात दिसत होता आणि पायाशी बसलेली तिची नणंद. बाई हळू आवाजात बोलल्या. ही मोर्शीकडची. संत्र्याच्या बागेत तोडणीला जाते. पाच मुलं. परवा बैलगाडीतून आणि मग एस.टी.तून आणली. डब्यात भर पडली.

"तिला मी विचारलं, मुळी कुणी दिली. तर म्हणते, बाई, तुमीच तं सांगतली."

मला वाक्याचा अर्थच लागेना. बाई माझ्याकडं बघत होत्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. तोवर मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मोर्शीच्या बाजारात वैदूच्या पालात तिनं तक्ता पाहिला होता. दमलेली बाई, तिच्यासारखीच, आणि शेजारी मुळी. खाली पालात तसलीच मुळी मांडलेली. वैदूनं सांगितलं, हे अमरावतीच्या डॉक्टरीनबाईंनी पाठवलेलं आहे. ते खरंच होतं. तिनं मुळी घेतली.

आतून ती काहीतरी म्हणाली. नणंद उठून खिडकीशी आली आणि मला विचारलं, चित्र काढणारा तूच का. मी मान हलवली. ती परत जाऊन वाकली, आणि मग खाटेवरच्या बाईचा आवाज आला, कोरडा, पण शुद्धीवरचा.

"दादा, खोटी होती काय ते मुळी?"

मी म्हणालो, ती घेऊ नका म्हणून काढली होती.

"मंग इतकी चांगली कावून काहाडली?"

बाई पुढं झाल्या आणि त्यांनी सांगितलं, अगं, खाली लिहिलं होतं, करू नका म्हणून. तिरडी काढली होती.

"मले नाई दिसली बापा तिरडी." थोडा वेळ ती श्वास घेत राहिली. मग म्हणाली, "बरं, नोको करू म्हनता. मंग काय करू, ते चित्र कुठी हाय?"

बाईंनी खिडकीचं दुसरं दारही लोटून घेतलं.

ती वाचेल का, असं मी विचारलं. आज आणि उद्या गेला तर, बाई म्हणाल्या. आणि मी ते दोन दिवस त्याच व्हरांड्यात काढले. नर्सनं जेवण आणून दिलं, ते गिळलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पावलाकडं कान होते. ती गेली असती तर तिला मी मारलं असं मी मानलं असतं, आणि आजही मानलं असतं. त्यात आणखी एक धाक होता. कुणी तक्रार केली तर तापातून उठून तिला चौकीवर जावं लागलं असतं. बाईंनी रजिस्टरात आजाराच्या रकान्यात 'ताप' लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. तिसऱ्या सकाळी आतून नर्सच्या हसण्याचा आवाज आला. बाहेर येऊन ती म्हणाली, तुमची मोर्शीवाली भाकर मागून राहिली, वर ठेचा पायजे म्हणते.

मी तसाच उठलो आणि मोर्शीला गेलो.

वैदू साठीचा असेल, दाढी राखलेला, बोलायला गोड. तक्ता त्याच्या पालात मागच्या काठीला टांगलेला होता. वरची दोन चित्रं समोर. कापड बरोबर मधोमध दुमडून खालची बाजू मागं घेतलेली, सुईदोऱ्यानं नीट टाचलेली. मी विचारलं, हे का केलं. तो माझ्याकडं असा बघत राहिला, जणू मीच वेडा आहे.

"खाली मुर्दा होता ना, भाऊ. दुकानात मुर्दा कोन टांगते?"

मला त्याला मारावंसं वाटलं होतं, येताना वाटभर वाटलं होतं. पण तो लबाड होता की नाही हेच मला ठरवता येईना. मी तक्ता सोडवून घेतला. तो म्हणाला, कापड चांगलं आहे, राहू द्या. मग मुळ्यांवर पाणी शिंपडत बसला.

त्यानंतर मी गावं फिरलो. मंडळाकडून यादी घेतली होती. शेंदूरजनाघाटला ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तक्ता होता, खालचा भाग वर मुडपून खिळे मारलेले. एका शाळेत मास्तरांनी तिरडी दिसू नये म्हणून खाली देवीचं कॅलेंडर लावलं होतं. मास्तर शिकलेले, चष्मा लावणारे. त्यांनी 'करू नका' ही अक्षरं वाचली होती, आणि तरीही झाकली होती. ते म्हणाले, लेकरं रोज सकाळी समोर प्रार्थना म्हणतात, समोर प्रेत बरं दिसतं का. एका बागवानानं खालचा अर्धा भाग कापून वेगळा केला होता आणि त्याचं काय केलं ते त्याला आठवत नव्हतं. बार्शीटाकळीला पोचलो तोवर मला काय दिसणार ते माहीत झालं होतं. वर दमलेली बाई आणि मुळी, मुळी आणि दमलेली बाई. मी केलेली जाहिरात. तीस परत मिळाले. चार असेच दुमडलेले पण देईनात, ते मी भांडून घेतले. सहा सापडलेच नाहीत. ते सहा तक्ते कुठं लटकले असतील, कुणी पाहिले असतील, हे मला कधीच कळलं नाही.

गठ्ठा घेऊन अकोल्याला आलो. उस्तादानं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता खरंच हाकलणार. त्यानं बिडी पेटवली आणि विचारलं, "टॉकीजच्या बॅनरवर आपन मेलेला हीरो कदी काहाडला काय?"

नव्हता काढला. सिनेमात हीरो मेला तरी बॅनरवर तो घोड्यावरच असतो. मालकच लावू देत नाही. धंद्यातली ही पहिली गोष्ट, मी ती सात-आठ वर्षं पाळत होतो.

"तुले मालूम होतं," उस्ताद म्हणाला. "पन तू अक्षर वाचते ना, म्हून तुले वाटलं का बाकीचं अक्षर सांभाळून घेईन. पाचवी शिकेल मानूस लय वाईट." मग माझा चेहरा बघून त्यानं बिडी विझवली. "चाल. नवीन काहाड. आन या खेपी आदी तुह्या चाचीले दाखव."

चाची म्हणजे त्याची बायको. तिला एक अक्षर येत नव्हतं. पुढचे पंधरा दिवस मी कोळशानं कागदावर काढत राहिलो आणि कागद पडद्याआड जात राहिला. ती आतून सांगायची काय दिसलं ते. मी नुसतं विचारायचं, चाची, क्या दिखा. मुळी छोटी केली, तरी ती म्हणाली, ये दवा है. मुळीवर रेघ मारली, म्हणाली, दवा के उपर लकडी रखी है. शेवटी मी मुळी काढूनच टाकली. एक बंद मूठ काढली, कुणाची तरी, दमलेल्या बाईपुढं धरलेली. मग ती म्हणाली, ये कुछ छुपा के दे रहा है, नै लेना.

तिरडीच्या जागी काय काढावं याचा विचार करताना मला खिडकीतला तो आवाज आठवायचा. मी चित्रं एका ओळीत घेतली, तीनच, आडवी, म्हणजे दुमडायला जागा नको. पहिलं बाईचं. दुसरं मुठीचं. तिसरी चौकट नुसती आखली.

अमरावतीला बाईंपुढं कागद पसरला. तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, इथं काय येणार आहे. मी म्हणालो, ती विचारत होती ते.

"ते मला काढू देता येणार नाही, पेंटर. ते कायद्यात नाही."

"म्हणून मोकळं ठेवलंय," मी म्हणालो.

बाई खुर्चीत मागं टेकल्या. मला वाटलं, आपण जास्तच बोललो. पाचवी शिकलेल्या माणसानं बाळंतपणाच्या डॉक्टरला सांगायचं का. पण त्यांनी कागदाची घडी न करता तो तसाच नर्सकडं दिला आणि मंडळाच्या बायकांना बोलावून घ्यायला सांगितलं.

नवे तक्ते भिंतीवर लावायचे नाहीत असं ठरलं. मंडळाच्या बायका स्वतः घेऊन जायच्या, पुढ्यात पसरायच्या, आणि मोकळ्या चौकटीत काय असायला हवं ते जमलेल्या बायकांना विचारायच्या. पहिल्यांदा बाईंसोबत मीही गेलो होतो, तक्ता आणि रंगाचे डबे उचलायला. एका बागेतल्या शेडमध्ये वीस-पंचवीस बायका. आधी सगळ्या हसल्या, एकमेकींना कोपर मारले. मग एक म्हातारी म्हणाली, तिथं दवाखाना काढा. दुसरी म्हणाली, दवाखाना हाय, दार काढा, उघडं. त्यानंतर जे बोलणं सुरू झालं ते ऐकून मी शेडच्या बाहेर गेलो. बाहेरही ऐकू येतच होतं. कुणाची जाऊ, कुणाची आई, कुणाची स्वतःचीच दोनदाची गोष्ट. नेहमीच्या आवाजात, जेवणाचं सांगावं तसं. गावात एक तरी घर असं आहे का की जिथं हे नाही, असं मला वाटायला लागलं, आणि मग आमच्या घराकडचं काही काही आठवायला लागलं तेव्हा मी आठवणं बंद केलं.

बाईंना ते सगळं दिल्लीला कळवायचं होतं. त्यांनी सांगितलं, कायदा बदलावा हे ज्यांना पटतं त्यांनी मोकळ्या चौकटीत अंगठा उठवा. हात पदराखाली गेले. मघाची ती दवाखानावाली म्हातारी म्हणाली, "अंगठा नोको बाई. अंगठा कोर्टात चालते."

बाईंना ते सुचलंच नव्हतं. मलाही नाही. अखेर मंडळातल्या एकीनं पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला. हळदीकुंकवाला लावतात तसं बोट टेकवायचं, चौकटीत. कुंकवाच्या बोटाला रेषा नसतात, कुणाचं म्हणून ओळखू येत नाही. एकेक उठली आणि वाकून टेकवून गेली. चौकट लाल होत आली. दोघी-तिघी मागंच उभ्या होत्या, कपाळ मोकळं असलेल्या. त्यांना कुणी करंडा पुढं केला नाही आणि त्यांनीही मागितला नाही. त्यातली एक मग शेडबाहेर आली, माझ्या डब्यातल्या काळ्या रंगात बोट बुडवलं, आत गेली आणि तांबड्या ठिपक्यांमध्ये एक काळा ठिपका लावून आली. येता येता तिनं माझ्या पंच्याला बोट पुसलं आणि विचारलंही नाही.

असे तेरा तक्ते भरले. बारा दिल्लीला गेले. पोचल्याचं छापील पत्र आलं, पुढं काही नाही. तेरावा बाईंनी दवाखान्यात ठेवून घेतला, बायका बसायच्या त्या खोलीत.

पुढल्या वर्षी पाटीचा रंग विटला म्हणून मी पुन्हा अमरावतीला होतो. शिडी लावलेली, 'सूति'पर्यंत झालेलं. खाली फाटकातून दोघी आत आल्या. मी आधी नणंदेला ओळखलं. दुसरीचा चेहरा मी पाहिलेला नव्हताच, पण ती बोलली तेव्हा आवाजावरून कळलं.

तिला पुन्हा दिवस जाऊन तीन महिने झाले होते. बाईंनी मागल्या खेपेला सांगितलं होतं की पुन्हा राहिलं तर ही वाचायची नाही. नवऱ्याला बोलावून सांगितलं होतं. नवरा हो म्हणाला होता. पण आज ती पायी चालत आली होती, तिचा जीव जातोय हे कोर्टाला पटलं नसतं.

खिडक्या उघड्या होत्या. बाई तिला खुर्चीवर बसा म्हणाल्या, ती बसली नाही. ती भिंतीवरच्या तेराव्या तक्त्यापुढं उभी राहिली असावी, कारण आवाज तिकडून आला.

"हे चौकट मोकळी होती म्हनतात. आता भरलं ना, बाई. आता सांगा, काय करू?"

मी ब्रश हातात धरून शिडीवर उभा. रंग ओघळून मनगटापर्यंत आला. मी मनात म्हणत होतो, नाही म्हणू नका. आणि तेवढ्याच जोरानं म्हणत होतो, हो म्हणू नका, तुम्हाला नेतील, हे सगळं बंद पडेल.

"बाई, वैदू बी हाय तितीच अजून," ती म्हणाली. तिच्या आवाजात धमकी नव्हती. पत्ता सांगावा तसं सांगितलं.

मग बाईंनी नर्सला हाक मारली आणि पाणी उकळायला ठेव म्हणाल्या. कसलं म्हणून नर्सनं विचारलं नाही. थोड्या वेळानं बाई स्वतः बाहेर, माझ्या शिडीशी आल्या. पदर खोचलेला. चष्मा काढून हातात घेतलेला.

"पेंटर, अकोल्याची गाडी किती वाजता?"

मी सांगितलं, चारची.

"आत्ताच निघा. पाटी राहू द्या." त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. "आज तुम्ही इकडं आला नव्हतात."

मी उतरलो. ब्रश न धुताच पिशवीत टाकले. उस्तादाकडं आल्यापासून मी असं कधी केलं नव्हतं. नमस्कार करावा असं वाटलं, पण बाई आत गेल्या होत्या आणि दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला. बडनेऱ्याला गाडीची वाट बघताना एक पोलीस माझ्या बाकावर येऊन बसला. त्यानं नुसता काडीपेटीसाठी हात पुढं केला. काडी पेटवून देताना माझ्या तीन काड्या वाया गेल्या.

महिनाभर मी कार्डाची वाट बघितली. येऊ नये असंही वाटत होतं. काहीच आलं नाही. मग पाटी अर्धी आहे, बरी दिसत नाही, असं उस्तादाला सांगून निघालो. फाटक उघडं होतं, दवाखाना चालू होता, व्हरांड्यात बायका बसलेल्या होत्या. बाईंनी मान हलवून पाटीकडं बोट केलं आणि त्या पुढच्या बाईला तपासायला आत गेल्या. मी शिडी टेकवत असताना नर्स बादली घेऊन जवळून गेली. न थांबता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "मोर्शीवाली गेली घरी. पायी गेली इष्टांडावर."

मी बरं म्हणालो. वर चढलो, राहिलेलं 'गृह' पुरं केलं, आणि या खेपेला ब्रश धुऊनच पिशवीत टाकले.